आपले पोट्टे : तीन लाखांच्या देशाचा हँडबॉल संघ

महालकर (धागाकर्ता)

२२ ऑगस्ट २००८, शुक्रवार. पोळा आठवड्यावर आलेला. नागपुरात महाल भागात माझ्या मामाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्या दिवशी विजेंदरची उपांत्य लढत, म्हणून दुकानात पंधरावीस माणसं दाटीवाटीनं उभी. विजेंदर हरला. कांस्य पक्कंच होतं, त्यामुळे फार हळहळ न करता लोक पांगले. मामा मात्र दुरुस्तीला आलेला दुसरा एक डबा चालू करून चॅनल पकडतात का ते बघत बसला होता. त्या डब्यावर मुंग्यांमधून एक सामना दिसायला लागला. धिप्पाड माणसं चेंडू हातात घेऊन हवेत उडत होती आणि पडता पडता गोल मारत होती. कोपऱ्यात लिहिलेलं : आइसलँड, स्पेन.

मी शाळेत हँडबॉल खेळलो तो पीटीच्या तासाला, तोही फुटबॉलमधली हवा गेलेली असायची म्हणून. पण त्या रात्री जागचा हललो नाही. आइसलँड ३६-३० नं जिंकला. मामा म्हणाला, "हा देश किती मोठा आहे रे?" मी दुसऱ्या दिवशी शोधलं. लोकसंख्या तेव्हा सव्वातीन लाखांच्याही आत. आपलं नागपूर २०११ च्या जनगणनेत २४ लाखांचं भरलं.

रविवारी अंतिम सामना. समोर फ्रान्स. गोलात थिएरी ओमेयर, मैदानात निकोला काराबातिच, दानिएल नार्सिस. २८-२३ नं आइसलँड हरला. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये सांघिक खेळातलं पदक मिळवणारा इतका लहान देश त्याआधी झाला नव्हता. आइसलँडची ऑलिंपिकमधली आजवरची सगळी पदकं मोजली तरी चारच : १९५६ ला मेलबर्नमध्ये तिहेरी उडीचं रौप्य, १९८४ ला ज्यूदोचं कांस्य, २००० ला महिलांच्या बांबूउडीचं कांस्य आणि हे रौप्य.

तेव्हापासून या संघाचा नाद लागला तो सुटलेला नाही. दर जानेवारीत युरोपियन किंवा जागतिक स्पर्धा असते आणि मी रात्री जागून बघतो. बायको म्हणते, "तुमचे लोक खेळून राहिले का?" हो, माझे लोक. तिकडे या संघाला म्हणतातच 'स्त्राउकार्निर ओक्कार'. शब्दशः : आमची पोरं. नागपुरी भाषांतर शीर्षकात दिलं आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो, चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं. पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९५० मध्ये, स्वीडनविरुद्ध, पराभव. पहिली जागतिक स्पर्धा १९५८. पुढच्याच, १९६१ च्या स्पर्धेत थेट सहावा क्रमांक. नंतर बरीच वर्षं आत-बाहेर, आत-बाहेर. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये सहावे, १९८६ च्या जागतिक स्पर्धेत पुन्हा सहावे, १९९२ बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये चौथे, १९९७ ला जपानमधल्या कुमामोतोत पाचवे. २००२ च्या युरोपियन स्पर्धेत परत चौथे. म्हणजे पोरगं दरवर्षी पंच्याऐंशी टक्के आणतंय, पण मेरिट लिस्टमध्ये नाव नाही, त्यातला प्रकार. मग बीजिंगचं रौप्य, आणि २०१० च्या युरोपियन स्पर्धेत पोलंडला २९-२६ हरवून कांस्य. सुवर्ण एकदाही नाही.

मला विचाराल तर या संघाची खरी गोष्ट म्हणजे आइसलँड आणि फ्रान्स यांचं वैर. एकतर्फी वैर, कारण फ्रान्सला बहुधा ते ठाऊकही नसावं. बार्सिलोनात आइसलँडचं कांस्य हुकलं ते फ्रान्समुळे. त्या कांस्यापासूनच फ्रान्सचं युग सुरू झालं. १९९५ मध्ये आइसलँडनं जागतिक स्पर्धा स्वतःच्या घरी भरवली, आणि तिथे रेक्याविकमध्ये येऊन फ्रान्सनं क्रोएशियाला २३-१९ हरवत आपलं पहिलं जगज्जेतेपद नेलं. यजमान कितवे? चौदावे. घरच्या लग्नात आपल्यालाच पंगत मिळू नये तसं. मग २००८ चा अंतिम सामना. २०१० च्या युरोपियन उपांत्य फेरीतही पुन्हा फ्रान्सच, ३६-२८.

मध्येमध्ये आपल्या पोट्ट्यांनी उट्टंही काढलं. २००७ च्या जागतिक स्पर्धेत फ्रान्सला ३२-२४ असं धुतलं. २०१२ लंडनला गटात ३०-२९. २०२२ च्या युरोपियन स्पर्धेत अर्धा संघ कोविडनं खोलीत कोंडलेला, आणि उरलेल्यांनी फ्रान्सला २९-२१ हरवलं! पण ही सगळी गटातली नाहीतर मुख्य फेरीतली (म्हणजे गटानंतरची, बाद फेरीच्या आधीची). पदक समोर असताना कधीच नाही.

अजून पुष्कळ आहे, प्रतिसादांत लिहीन. नागपुरात हँडबॉल खेळलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.

तर्रीपोहे

काय सांगून रायले भाऊ! तीन लाख म्हणजे आपल्या इथं एका आमदाराचा मतदारसंघ. पश्चिम नागपुरातून सोळा पोट्टे निवडले अन् ऑलिंपिकची चांदी आणली, असं झालं हे तं.

पण एक सांगा, तिथं पोट्टे क्रिकेट नाही खेळत तं दिवसभर करतात काय?

महालकर

@तर्रीपोहे, जानेवारीत तिथे दिवस जेमतेम पाचसहा तासांचा. बाहेर बर्फ, वारा, अंधार. मैदानी खेळ उन्हाळ्यापुरते. म्हणून गावोगावी बंदिस्त हॉल, आणि हॉलमध्ये हँडबॉल. चाळीस मीटर बाय वीस मीटर जागा पुरते, खर्च फार नाही, चौदा-सोळा पोरं जमली की संघ तयार.

धंतोलीची_सई

छान धागा. खेळातलं शून्य कळतं, तरी शेवटपर्यंत वाचलं.

प्रश्न : संघातली सगळी नावं 'सन' नं संपतात. सगळे एकाच घरातले आहेत का? :)

महालकर

@सई, तिकडे बहुतेकांना आडनावच नसतं. वडिलांच्या नावापुढे मुलाला 'सन' आणि मुलीला 'दोत्तिर'. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असतं ना, त्यातलं आडनाव काढून टाका. फोनच्या यादीतही लोकांना पहिल्या नावानं शोधतात. बीजिंगच्या संघाचे प्रशिक्षक होते गुदमुंदुर गुदमुंदसन, म्हणजे बापाचंही नाव गुदमुंदुर. आणि स्पर्धेच्या सर्वोत्तम सात जणांत तिघे आइसलँडचे : ओलाफुर स्टेफानसन, गुद्योन वालुर सिगुर्दसन आणि स्नोरी गुद्योनसन. आता स्नोरी हा गुद्योनचा मुलगा असं मी कितीतरी दिवस समजत होतो. दोघांत वयाचं फारसं अंतर नाही हे टीव्हीवर दिसत असूनही! स्नोरीच्या वडिलांचं नाव गुद्योन, एवढाच त्याचा अर्थ. २०२३ पासून तोच स्नोरी या संघाचा प्रशिक्षक आहे.

आकडेमोड

लेख आवडला, पण धागाकर्ते प्रेमात आहेत हे स्पष्ट दिसतं. थोडं पाणी ओततो.

एक, १९८४ चा सहावा क्रमांक. त्या ऑलिंपिकवर सोव्हिएत गटानं बहिष्कार घातला होता. सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी, पोलंड हे हँडबॉलमधले दादा लोक आलेच नाहीत, म्हणून आइसलँडला जागा मिळाली. दोन, १९९२ चा चौथा क्रमांक. युगोस्लाव्हियावर निर्बंध आले, त्यांची जागा रिकामी झाली, तिथे आइसलँड. दोन्ही वेळा मागच्या दारानं प्रवेश. तीन, १९८९ मध्ये यांनी एक जागतिक स्पर्धा जिंकली होती हे महालकर विसरले, पण ती 'ब' गटाची, म्हणजे वरच्या वर्गात बसण्यासाठीची फेरपरीक्षा.

आणि एक गंमत. बीजिंगच्या गटात आइसलँडला दक्षिण कोरियानं २२-२१ हरवलं. हा कोरिया तिथे पोहोचला कसा? सप्टेंबर २००७ मध्ये आशियाई पात्रता स्पर्धा झाली आणि कुवेत पात्र ठरला. पण पंचांची कामगिरी इतकी संशयास्पद होती की आंतरराष्ट्रीय महासंघानं तो निकालच रद्द केला. जानेवारी २००८ मध्ये टोकियोत फेरसामना ठरला. कुवेत आलाच नाही. कोरियानं जपानला २८-२५ हरवून तिकीट काढलं. तेव्हा मागचं दार, पुढचं दार हे या खेळात चालायचंच.

महालकर

@आकडेमोड, सगळं मान्य. पण मागच्या दारानं आलेला पाहुणा चौथा येतो तेव्हा घरमालकानं विचार करावा. आणि बीजिंगच्या त्याच गटात रशियाला ३३-३१ आणि जगज्जेत्या जर्मनीला ३३-२९ हरवलं, डेन्मार्क आणि इजिप्तशी दोन्ही वेळा ३२-३२ बरोबरी. बाद फेरीत आधी पोलंड ३२-३०, मग स्पेन. त्यात नशीब कुठलं?

जुना_गोली

नमस्कार मंडळी. ऐंशीच्या दशकात नागपूर विद्यापीठाकडून हँडबॉल खेळलो, गोलात उभा राहायचो. आता साठी ओलांडली आहे. धागा पाहून राहवलं नाही.

तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच गोल. समोर सहा मीटरवर रेषा. तिच्या आत फक्त गोली, पण मारणारा रेषेच्या बाहेरून उडी मारतो आणि हवेतच तुमच्यापासून चार मीटरवर येतो. चेंडू शंभराच्या वेगानं. बघून अडवायला वेळच नसतो. खांदा कुठे वळतोय, मनगट कुठे, एवढ्यावरून अंदाज बांधायचा आणि हातपाय फेकायचे. दहापैकी तीन अडवले तरी त्या दिवशी गोली उत्तम खेळला असं म्हणतात. कुठल्या दुसऱ्या खेळात दहापैकी सात सोडणाऱ्याची पाठ थोपटतात सांगा.

ओमेयरचं नाव निघालं म्हणून लिहितो. २००८ चा अंतिम सामना आइसलँड हरला तो पहिल्या अर्ध्या तासात, १५-१० नं मागे पडला तेव्हाच. ओमेयर मारणाऱ्याला एक बाजू मुद्दाम उघडी दाखवायचा. मारणारा तिकडे मारायचा आणि हा आधीच तिथे पोचलेला असायचा. आम्हीही प्रयत्न करायचो. आमच्याकडे उघडी बाजू खरंच उघडी राहायची.

आमचा खेळ मातीवर, उघड्यावर. युरोपात खेळाडू बोटांना राळ लावतात, त्यामुळे चेंडू एका पंज्यात चिकटून राहतो. आम्ही राळ लावली असती तर चेंडूला निम्मं मैदान चिकटलं असतं. कोपर, गुडघे कायम सोललेले. उन्हाळ्यात सराव सकाळी साडेपाचला, कारण नऊनंतर मैदानावर पाय ठेववत नसे.

एका ठिकाणी (नाव नको) नवा हॉल झाला तेव्हा फार आनंद झाला होता. चारदा सराव केला. पाचव्यांदा गेलो तर आत मांडव, खुर्च्या आणि साड्यांचं प्रदर्शन. आमचे गोलपोस्ट बाहेर पावसात.

तर्रीपोहे

काका, साड्यांचं प्रदर्शन! बाप्पा!! 😂 तिकडं बर्फानं पोट्टे आत ढकलले, इकडं उन्हानं आत ढकलले, अन् आत गेले तं सेल लागलेला.

धंतोलीची_सई

हसू आलं आणि वाईटही वाटलं, काका.

आपला भारत यात कुठे आहे? कुणी सांगेल का?

जुना_गोली

सईताई, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हँडबॉल पहिल्यांदा आला. आपण यजमान होतो, म्हणून आपला संघही उतरला. सुवर्ण चीनला, रौप्य जपानला, कांस्य कोरियाला. आम्ही पोरं ते वर्तमानपत्रात वाचून पेटलो होतो. त्यानंतर १९८६ पासून २००२ पर्यंत पाचही वेळा कोरिया, आणि गेल्या तीन स्पर्धा कतारच्या. भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकला किंवा वरिष्ठ जागतिक स्पर्धेला आजवर पोहोचलेला नाही.

२०२३ मध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली. सहा संघ, आणि पहिलं विजेतेपद महाराष्ट्र आयर्नमेनचं. नातवाला घेऊन बघत बसलो होतो. नातू म्हणाला, "आबा, तुम्ही असं उडायचात?" मी म्हटलं, मी गोलात असायचो. वाचलो.

वर्धारोडवाला

वाचतोय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

एक शंका : एवढ्या वर्षांत एक रौप्य आणि एक कांस्य. यात डोक्यावर घेण्यासारखं काय? लहान देश म्हणून कौतुक ठीक, पण खेळात मार्क लोकसंख्येवर मिळत नाहीत.

आकडेमोड

@वर्धारोडवाला, तसं बघितलं तर स्वीडनची दया यायला हवी. चार वेळा जगज्जेते, आणि ऑलिंपिकचे अंतिम सामने चार वेळा हरले. १९९२ ला २२-२०, १९९६ ला २७-२६, २००० ला २८-२६, २०१२ ला २२-२१. चार सामने मिळून सहा गोलांचा फरक. त्या मानानं आइसलँडला निदान अंतिम सामन्याची सवय लागली नाही, म्हणून दुखणंही कमी.

महालकर

@वर्धारोडवाला, तुमचा मुद्दा चूक नाही. पण मला या संघाचं जे वाटतं ते पदकांच्या यादीत सापडत नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

२०१२, लंडन. गटातले पाचही सामने जिंकले, त्यात फ्रान्सही. उपांत्यपूर्व फेरीत हंगेरी. बरोबरी, जादा वेळ, पुन्हा बरोबरी, पुन्हा जादा वेळ, आणि ३४-३३ नं घरी. २००७ च्या जागतिक स्पर्धेतही तेच : डेन्मार्ककडून जादा वेळेत ४२-४१. बेचाळीस-एक्केचाळीस! त्या रात्री तिथल्या घराघरांत जेवणं झाली नसतील.

लंडननंतर हा संघ ऑलिंपिकला पात्रच झालेला नाही. पण आता गंमत ऐका. टोकियो ऑलिंपिकमध्ये आइसलँड नव्हता, मात्र जर्मनीच्या बाकावर आल्फ्रेद गिस्लासन, जपानच्या बाकावर दागुर सिगुर्दसन, बहारीनच्या बाकावर आरोन क्रिस्त्यानसन. तिघंही आइसलँडचे. म्हणजे घरचं लेकरू नापास आणि बाप तीन शाळांत हेडमास्तर.

बीजिंगचे ते गुदमुंदुर गुदमुंदसन आठवतात ना? फ्रान्सकडून अंतिम सामना हरलेले. आठ वर्षांनी, रिओत, ते डेन्मार्कचे प्रशिक्षक म्हणून पुन्हा ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात उतरले. समोर कोण? फ्रान्स. निकाल २८-२६, सुवर्ण डेन्मार्कला. हिशेब चुकता झाला, पण पदक दुसऱ्याच्या कपाटात. त्याच वर्षी जानेवारीत दागुरच्या जर्मनीनं स्पेनला २४-१७ हरवून युरोपियन विजेतेपद घेतलं होतं. पॅरिस २०२४ ला गिस्लासनच्या जर्मनीला रौप्य. तिथेच नॉर्वेच्या महिलांना सुवर्ण, आणि त्यांचे प्रशिक्षक थोरिर हेर्गेरसन, तेही आइसलँडचेच.

जिव्हारी लागलं ते जानेवारी २०२५ मध्ये. जागतिक स्पर्धा, झाग्रेब, क्रोएशिया विरुद्ध आइसलँड. तोवर पोट्टे एकही सामना हरले नव्हते. क्रोएशियानं ३२-२६ नं हरवलं आणि त्या एका पराभवानं उपांत्यपूर्व फेरी हुकली. क्रोएशियाचा प्रशिक्षक? आपला दागुर. तो पुढे अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिथे डेन्मार्ककडून हरला.

बीजिंगमध्ये दागुरबिगुर कुणी नव्हते, घरचेच होते सगळे. म्हणून ती चांदी वेगळी. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी डोरिट मूसायेफ जेरुसलेमच्या, आइसलँडी भाषा मोठेपणी शिकलेल्या. विजयाच्या भरात त्या म्हणाल्या, "आइसलँड हा जगातला 'स्तोरास्ता' देश आहे." व्याकरणात असा शब्दच नाही, 'स्तायर्स्ता' हवं. 'सगळ्यात मोठेतम देश' असं कुणी मराठीत म्हणावं तसं. लोकांनी ती चूक उचलून धरली आणि त्यांच्या बोलण्यात ती मुरून गेली.

खेळाडू परतले, मिरवणूक निघाली. आणि सहा आठवड्यांनी, ऑक्टोबरच्या त्या एका आठवड्यात, देशातल्या तिन्ही मोठ्या बँका बुडाल्या.

तर्रीपोहे

'मोठेतम' लय भारी. आजपासून नागपूर महाराष्ट्रातलं मोठेतम गाव, कोणी काही म्हणो.

पण हेडमास्तरवालं डोक्यात बसलं. आपल्या इथले पोट्टेबी तं पुण्यालेच जाऊन मोठे होतात.

आकडेमोड

पुण्यातून वाचतोय. निषेध. :)

धंतोलीची_सई

अवांतर : रेक्याविक म्हणताच मला बुद्धिबळ आठवतं. फिशर आणि स्पास्कीचा १९७२ चा सामना तिथलाच ना?

महालकर

@सई, अजिबात अवांतर नाही. तो सामना झाला लाउगार्दाल्सहोल या हॉलमध्ये. १९९५ ची ती हँडबॉलची अंतिम लढतही त्याच हॉलमध्ये. म्हणजे ज्या छताखाली फिशर जगज्जेता झाला, त्याच छताखाली फ्रान्सही. साड्यांचं प्रदर्शन तिथेही भरत असेल कदाचित, पण गोलपोस्ट पावसात ठेवत नसावेत.

धंतोलीची_सई

वा! बुद्धिबळात तरी आपलं गाव मागे नाही. २०२५ मध्ये दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा आमच्या गल्लीत ज्यांना घोडा कसा चालतो हे माहीत नाही तेही पेढे वाटत होते. 'आपली पोरगी' म्हणून. आता कळलं महालकरांना काय होतं ते.

वर्धारोडवाला

४२-४१ चा सामना शोधून बघितला. रात्रीचे दोन वाजले. उद्या ऑफिसला काय सांगू?

बरं, मानकापूरच्या क्रीडा संकुलाजवळच राहतो. रविवारी सकाळी पाचसहा जण जमत असतील तर मी येतो. खेळायचं कसं ते तिथेच सांगा.

तर्रीपोहे

मी येतो. पण मले गोलात नका उभं करू, काकांनी जे लिहिलं ते वाचून पोटात गोळा आला.

जुना_गोली

गोलात मी आहे. फक्त उजव्या बाजूला खालून मारू नका, तो गुडघा आता वाकत नाही. चेंडू माझ्याकडे एक आहे, तीन नंबरचा, हवा कितपत धरतो ते शनिवारी बघून सांगतो. सहा वाजता या, नंतर ऊन चढतं.